बेस गिटारवरचा स्वर कुठे संपवावा?

मंद्रसप्तक (धागालेखक)

गेली एकोणीस वर्षे मी बेस गिटार, म्हणजे खर्जाच्या स्वरांची गिटार, वाजवतो आहे. ज्यांना ऐकून हे वाद्य हाती घेतले, त्या वादकांची गेल्या महिन्यात भेट झाली आणि जेमतेम चाळीस मिनिटांच्या त्या भेटीत माझ्या वादनातली एक मोठी उणीव मला पहिल्यांदाच स्पष्ट दिसली. तिच्याविषयी इतर वादकांशी बोलावे म्हणून हा धागा काढतो आहे. त्यांचे नाव लिहिणे मी टाळले आहे, कारण ते बोलणे खासगी होते आणि त्यांना न विचारता ते त्यांच्या नावावर मांडणे मला योग्य वाटत नाही.

माझी सुरुवात सहा तारांच्या गिटारवर झाली. एका तालमीला बेस वाजवणारा मित्र येऊ शकला नाही, तेव्हा भिंतीला टेकवून ठेवलेली त्याची बेस गिटार मी उचलली आणि सगळ्यांत जाड तार मोकळीच छेडली. खोलीचा मजला फळ्यांचा होता. तो स्वर कानांनी ऐकला त्याच्या आधी तळपायांना जाणवला आणि त्या दिवसापासून सहा तारांची गिटार माझ्याकडून मागे पडली ती पडलीच. त्या मोकळ्या ई तारेची कंपने सेकंदाला सुमारे 41 असतात आणि हवेतली तिची एक लहर आठ मीटरांहून लांब असते, हे मला पुष्कळ नंतर कळले. लहान खोलीत एकाच जागी बसून बेस नीट का ऐकू येत नाही, दोन पावले सरकल्यावर तोच स्वर एकदम दाटून का येतो, याचे उत्तर त्या लांबीत आहे.

या वाद्याचा इतिहास मला फार प्रिय आहे. बेस गिटार येण्याआधी खर्जाची जबाबदारी उभ्या बेसवर होती. ते माणसाएवढे, पोकळ अंगाचे वाद्य मोठ्या वाद्यवृंदात दबून जायचे, प्रवासात नेणे अवघड आणि मानेवर पडदे (स्वरांच्या जागा दाखवणाऱ्या आडव्या पट्ट्या, फ्रेट) नसल्यामुळे स्वर नेमका लावायला वर्षांची मेहनत लागायची. 1930 च्या दशकात सिएटलमध्ये पॉल टटमार्क यांनी आडवी धरून वाजवायची, पडद्यांची, भरीव लाकडाची विद्युत बेस गिटार तयार केली होती, परंतु ती फारशी पसरली नाही. 1951 साली लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला आणि तिथून चित्र पालटले. पडद्यांमुळे स्वर अचूक लागतो, म्हणून ‘प्रिसिजन’ हे नाव. तारेची 34 इंचांची लांबी त्यांनी तेव्हा ठरवली आणि आजही बहुतेक बेस गिटारी त्याच मापाच्या असतात. एखाद्या वाद्याचे मूळ माप सत्तर वर्षांहून अधिक काळ टिकावे, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

माझ्याकडे तीन बेस आहेत. त्यांतला प्रिसिजन घडणीचा चारतारी माझ्या सर्वांत जवळचा. त्याचा पिकअप (तारेची कंपने विजेत बदलणारा भाग) दोन तुकड्यांत विभागलेला, एक तुकडा वरच्या दोन तारांखाली आणि दुसरा खालच्या दोन तारांखाली. ही रचना 1957 मध्ये आली आणि तिच्यामुळे विजेची घरघर बरीच कमी झाली. दुसरा आहे जॅझ बेसच्या घडणीचा, दोन पिकअपांचा, खुंट्यांकडच्या टोकाला अरुंद मानेचा. तिसऱ्याला पडदेच नाहीत. तो मी फक्त एकटा असताना वाजवतो, कारण त्यावर बोट केसभर सरकले तरी स्वर ढळतो आणि चारचौघांत वाजवण्याएवढी माझी तयारी अजून झालेली नाही.

आता भेटीविषयी. त्या कार्यक्रमात आमचा संच आधी वाजवणार होता आणि त्यांचा नंतर. साउंडचेक आटोपल्यावर ते मंचाच्या मागे एका पेटाऱ्यावर बसून तारा पुसत होते. त्यांचा बेस मी छायाचित्रांत शेकडो वेळा पाहिला होता, पण जवळून पाहिल्यावर लक्षात आले की ज्या पिकअपच्या कडेवर ते उजव्या हाताचा अंगठा टेकवतात, तिथले प्लॅस्टिक झिजून अंगठ्याच्या आकाराची खोलगट खोबण पडली आहे. वरच्या अंगावरचा रंग हाताच्या घासण्याने पूर्ण गेला होता आणि आतले लाकूड दिसत होते. मी नमस्कार करून तारा कोणत्या, अँपवर कोणती बटणे कुठे ठेवता, असे वर्षानुवर्षे साठवलेले प्रश्न विचारले. त्यांनी दोन वाक्यांत उत्तरे दिली. मग म्हणाले, “तुझा बेस आण. वाजव काहीतरी.”

मी एक साधी, चार मात्रांची लय वाजवली. ते माझ्या उजव्या हाताकडे पाहतील असे मला वाटले होते, पण त्यांची नजर सबंध वेळ डाव्या हातावर होती. मी थांबल्यावर म्हणाले, “तुझे स्वर वेळेवर सुरू होतात. संपतात मात्र जमेल तेव्हा.”

त्यानंतर त्यांनी माझा बेस मांडीवर घेतला, ई तारेच्या पाचव्या पडद्यावर बोट ठेवले आणि पायाने ठेका धरून एकच स्वर वाजवत राहिले. आधी तो स्वर दुसऱ्या मात्रेवर, म्हणजे जिथे स्नेअरचा (कडक, कोरड्या आवाजाच्या ड्रमचा) ठोका पडतो तिथे, अगदी नेमका थांबवला. मग तोच स्वर स्नेअरच्या पलीकडे नेला. मग स्नेअरच्या अर्धी मात्रा आधी तोडला. स्वर तोच, लय तीच, जोरही तोच. तरीही पहिल्या प्रकारात चाल ताठ आणि भक्कम वाटली, दुसऱ्यात जड, ओढल्यासारखी, आणि तिसऱ्यात एकदम चपळ. तो माझाच बेस होता आणि माझ्याच तारा होत्या. त्या तीन प्रकारांपैकी एकही मी एकोणीस वर्षांत ठरवून वाजवला नव्हता.

स्वर थांबवताना त्यांचे बोट तारेवरून उठत नव्हते, हेही मी जवळून पाहिले. बोटाचा दाब फक्त सैल व्हायचा, तार पडद्यावरून सुटायची, पण बोट तारेला टेकलेलेच राहायचे आणि बाजूची करंगळीही अलगद तिच्यावर यायची. बोट पूर्ण उचलले असते, तर मोकळी तार वाजली असती. इतकी साधी गोष्ट, पण माझे बोट आजवर दर वेळी उठत आले आहे.

इथल्या वादकांना माझा प्रश्न असा की, स्वराच्या शेवटाकडे तुम्ही जाणीवपूर्वक लक्ष देता का, आणि देत असाल तर ती सवय कशी लावली?

सुतारपक्षी

अत्यंत मोलाचा अनुभव. मी वादक म्हणून सामान्य आहे, पण गिटारींची दुरुस्ती करतो, त्यामुळे वाद्याच्या बाजूने एक मुद्दा जोडतो. स्वर किती काळ टिकतो हे पूर्णपणे वादकाच्या हातात नसते. स्क्रूने जोडलेल्या, मेपल लाकडाच्या मानेच्या बेसवर ‘जी’ (सगळ्यांत बारीक) तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास पुष्कळदा एक ‘मृत जागा’ आढळते. तिथला स्वर छेडल्यावर नीट उमटतो, पण शेजारच्या स्वरांच्या मानाने फार लवकर विझतो. मानेची स्वतःची एक कंपनसंख्या असते. ती त्या स्वराच्या जवळ आली की तारेची ऊर्जा मान शोषून घेते. तारांच्या खुंट्या असलेल्या डोक्याला एखादा लहान चिमटा किंवा वजन लावले, तर मानेची कंपनसंख्या बदलते आणि ती मृत जागा सरकते. पुष्कळ जण अशा वेळी पिकअप बदलायला येतात. पिकअपचा त्यात काहीही दोष नसतो, हे मला दर वेळी समजावून सांगावे लागते.

तारांचाही विचार करावा. राउंडवाउंड तारांचा वेढा गोल तारेचा असतो, त्या चकचकीत वाजतात आणि लांब टिकतात. फ्लॅटवाउंड तारांचा वेढा चपटा असतो, त्यांचा स्वर गोल, ठाशीव येतो आणि लवकर मावळतो. जुन्या फेंडर बेसवर ब्रिजचे (तारा टेकतात त्या घोडीचे) झाकण असायचे आणि त्याच्या आत तारांना टेकणारा मऊ तुकडा बसवलेला असायचा. स्वर आखूड ठेवण्याची सोय कारखान्यातूनच केलेली होती. पुढे बहुतेकांनी ती झाकणे काढून टाकली. लेखात उल्लेखलेल्या वादकांच्या बेसवर कोणत्या तारा होत्या, ते सांगता येईल का?

मंद्रसप्तक (धागालेखक)

फ्लॅटवाउंड, आणि बऱ्याच जुन्या. तुटल्याशिवाय बदलत नाहीत, असे ते म्हणाले. मृत जागेविषयी लिहिल्याबद्दल विशेष आभार. माझ्या चारतारीवर ‘जी’ तारेचा सहावा पडदा नेमका तसा वागतो आणि इतकी वर्षे मी तो माझ्याच बोटाचा दोष मानत होतो.

ठायलय

तुटेपर्यंत तारा न बदलण्यावरून जेम्स जेमर्सन आठवले. डेट्रॉइटच्या मोटाऊन या ध्वनिमुद्रिका कंपनीच्या 1960 च्या दशकातल्या असंख्य गाण्यांत त्यांचा बेस आहे. 1962 चा प्रिसिजन बेस, त्यावर जाड फ्लॅटवाउंड तारा आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी. त्या एका बोटाला ‘हुक’ म्हणत. ते मुळात उभ्या बेसचे वादक होते आणि एका बोटाने वाजवण्याची सवय तिथूनच आली. त्यांची बेसची ओळ गाण्याच्या खालून चालणारी स्वतंत्र चालच असते, पण धागालेखकांनी मांडलेल्या मुद्द्याच्या कानाने ती ऐकली, तर आणखी एक गोष्ट जाणवते. इतके स्वर असूनही ती ओळ कधीही गर्दीची वाटत नाही, कारण प्रत्येक स्वर पुढच्याला जागा करून देऊन थांबतो.

त्या काळी मोटाऊनच्या तबकड्यांवर वादकांची नावे छापली जात नसत. लाखो लोक ज्यांच्या ठेक्यावर नाचले, त्यांचे नाव त्या लोकांना ठाऊक नव्हते. मार्व्हिन गे यांच्या 1971 च्या तबकडीवर जेमर्सन यांचे नाव आले, तोवर त्यांचे वादन लाखो वेळा ऐकले गेले होते. 1983 मध्ये वयाच्या 47 व्या वर्षी ते गेले. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश 2000 साली झाला. ही दिरंगाई मला आजही टोचते.

चारतार

मूळ मुद्दा मान्य आहे, परंतु तो सर्व संगीताला सारखा लागू करू नये, असे मला वाटते. बेसवादक जॅको पास्टोरियस यांनी पडदे काढलेल्या 1962 च्या जॅझ बेसवर राउंडवाउंड तारा लावून जे वाजवले, त्यात स्वर लांबवणे हाच अभिव्यक्तीचा गाभा होता. पडद्यांच्या जागा भरून त्यांनी बोटे फिरतात त्या फळीवर, होड्यांसाठी वापरतात तसले, कडक होणारे इपॉक्सी चढवले होते, त्यामुळे पृष्ठभाग कठीण झाला आणि स्वर गाणाऱ्या गळ्यासारखा टिकू लागला. 1976 ची त्यांची पहिली तबकडी ऐकताना स्वर तोडण्यापेक्षा तो धरून ठेवण्याची कला जास्त दिसते. मग आखूड स्वराला इतके महत्त्व का द्यावे?

मंद्रसप्तक (धागालेखक)

माझ्या लिहिण्यातून आखूड स्वराचा पुरस्कार ध्वनित झाला असेल, तर ती माझ्या मांडणीची त्रुटी आहे. त्यांनी स्नेअरच्या पलीकडे नेलेला लांब स्वरही तितकाच ठरवलेला होता. माझा स्वर कधी लांब, कधी आखूड व्हायचा, कारण पुढचा स्वर घ्यायला बोट उठले की आधीचा आपोआप संपायचा. तुम्ही दिलेले उदाहरण मला उलट पूरक वाटते. पास्टोरियस यांनी स्वर टिकवण्यासाठी वाद्याच्या फळीपासून तयारी केली होती. त्यांच्याकडे कुठलाही स्वर नुसता राहून गेलेला नसतो.

डावीकडून_दुसरा

मी ड्रम वाजवतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. मिनिटाला 90 ठोक्यांच्या लयीत एक मात्रा साधारण 0.67 सेकंदाची असते आणि तिचा चौथा भाग 0.17 सेकंदाचा. बेसचा स्वर स्नेअरवर थांबण्याऐवजी इतकासा पुढे रेंगाळला, तरी माझ्या स्नेअरचा आवाज मला स्वतःलाच बुळबुळीत ऐकू येतो. अनेक वर्षे मी स्नेअरचे कातडे ताणून आणि माइक हलवून हा दोष शोधत होतो. एका ध्वनिमुद्रणात बेसवादक बाईंनी तारांखाली, ब्रिजपाशी, फोमची पट्टी सरकवली आणि माझा स्नेअर जागेवर आला. मी माझ्या ड्रमला हातसुद्धा लावला नव्हता.

बेसवादक लॅरी ग्रॅहॅम यांची गोष्टही इथे सांगण्यासारखी आहे. ते आईबरोबर वाजवत असत आणि संचात ड्रमवादक उरला नाही, तेव्हा त्यांनी किकच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) जागी अंगठ्याने तार ठोकायला आणि स्नेअरच्या जागी बोटाने तार ओढून सोडायला सुरुवात केली. स्लॅप नावाने आज जे शिकवले जाते, त्याचे मूळ न आलेल्या ड्रमची उणीव भरून काढण्यात आहे. म्हणून एखादा नवा वादक स्लॅप शिकायला निघाला की मी त्याला सांगतो, आधी किक आणि स्नेअर ऐक.

नवी_तार

मी आठ महिन्यांपूर्वी बेस गिटार शिकायला सुरुवात केली आहे आणि हा धागा दोन वेळा वाचला. माझे हात लहान आहेत, त्यामुळे पहिल्या पडद्यापाशी बोटे ताणताना मनगट दुखते. 34 इंचांऐवजी आखूड मापाचा बेस घेतल्यास आवाजात फार तडजोड करावी लागेल का? तसेच, वर सांगितलेला सराव मी नेमका कसा करावा? पाच तारांचा बेस आत्ताच घ्यावा, असे काही जण सुचवतात, त्याविषयीही मार्गदर्शन करावे.

मंद्रसप्तक (धागालेखक)

मनगट दुखत असेल, तर वादन तिथल्या तिथे थांबवावे. दुखणे सोसून केलेल्या रियाजाने हात तयार होत नाही, बिघडतो. पट्ट्याची लांबी कमी करून बेस थोडा वर घ्यावा आणि अंगठा मानेच्या मागे मधोमध, सैल ठेवावा. खालच्या पडद्यांवर चारही बोटांना चार पडदे देण्याचा आग्रह सोडून तर्जनी, मधले आणि करंगळी अशी उभ्या बेसवादकांची पद्धत वापरून पाहावी.

आखूड मापाचा बेस अवश्य घ्यावा. 30 इंचांच्या मापात त्याच स्वराला तारेचा ताण कमी लागतो, तार मऊ पडते आणि आवाज जरा गोल, जाड येतो. हा निराळा आवाज आहे, कमी प्रतीचा नाही. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस आखूड मापाचाच आहे. पाच तारांची घाई नको. पाचवी बी तार सेकंदाला सुमारे 31 कंपनांची असते आणि ती वाजवण्याआधी ती गप्प ठेवायला शिकावे लागते, कारण दुसरी कोणतीही तार छेडली की ती आपोआप घुमते.

सरावासाठी मेट्रोनोम (ठराविक वेगाने ठोके देणारे यंत्र) सावकाश, मिनिटाला 60 वर लावावा आणि तो ठोका दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर पडतो आहे असे मानून पहिली मात्रा मनात धरावी. पहिल्या मात्रेवर ई तारेच्या पाचव्या पडद्यावरचा स्वर छेडावा आणि मेट्रोनोमचा ठोका ऐकू येताच दाब सैल करावा. ठोका आणि शांतता एकाच क्षणी आली पाहिजे. पहिल्या आठवड्यात मला दहापैकी तीन-चार वेळाच ते जमले. मोकळ्या तारेवरचा स्वर डाव्या हाताच्या दाबाने थांबत नाही. त्यासाठी तारेवर डाव्या हाताची बोटे नुसती टेकवावी लागतात किंवा उजव्या हाताचे पुढचे बोट आधी आणून ठेवावे लागते. तो सराव नंतर, वेगळा करावा.

ठायलय

हॉफनरचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मॅकार्टनी यांनी 1961 मध्ये हँबर्गला घेतलेला तो बेस 1972 मध्ये चोरीला गेला आणि 2024 मध्ये परत त्यांच्याकडे आल्याचे जाहीर झाले. पास्टोरियस यांचा पडदे काढलेला बेस 1986 मध्ये गेला आणि दोन दशकांनी सापडला, पण तोवर त्यांना जाऊन अनेक वर्षे झाली होती. जेमर्सन यांचा 1962 चा प्रिसिजन त्यांच्या मृत्यूच्या काही दिवस आधी चोरीला गेला. या तीन वाद्यांचा विचार मनात आला की मी माझ्या बेसच्या मागच्या झाकणाआत, आतल्या बाजूला, माझी खूण लिहिली आहे ना, हे पुन्हा एकदा पाहून घेतो.

सुतारपक्षी

खूण लिहिणे उत्तमच. त्याबरोबर मानेच्या बुंध्यावरचे आकडे आणि लाकडाच्या रेषांची जवळून घेतलेली छायाचित्रेही जपून ठेवावीत. रंग बदलता येतो, पिकअप बदलता येतात, पण लाकडाच्या रेषा बदलता येत नाहीत.

चारतार

माझ्या आक्षेपाला दिलेले उत्तर पटले. काल रात्री स्वतःचे एक जुने ध्वनिमुद्रण ऐकले आणि फक्त स्वर कुठे संपतात एवढेच पाहत गेलो. तीन मिनिटांच्या गाण्यात एकाच ओळीचे शेवट मी अकरा वेगवेगळ्या ठिकाणी केले होते. एक विचारायचे राहिले. त्या भेटीनंतर त्याच संध्याकाळी तुम्हाला मंचावर जायचे होते. तेव्हा वादन कसे झाले?

मंद्रसप्तक (धागालेखक)

वाईट झाले, आणि ते मी मोकळेपणाने सांगतो. सगळे लक्ष स्वरांच्या शेवटाकडे गेल्यामुळे पहिल्या दोन गाण्यांत सुरुवातीही चुकल्या. तिसऱ्या गाण्यात मी ओळ सोपी केली, अर्धे स्वर गाळले आणि उरलेले स्नेअरवर थांबवू लागलो. आमच्या ड्रमवादकाने मान वर करून माझ्याकडे पाहिले, तेवढे मला आठवते. मंचाच्या कडेला, पडद्याशेजारी, ते आपला बेस गळ्यात अडकवून उभे होते. गाणे संपल्यावर मी तिकडे पाहिले, तेव्हा त्यांनी डाव्या हाताची करंगळी स्वतःच्या तारांवर अलगद टेकवून मला दाखवली.